अजाइल टीममध्ये बीएने नेमकं करायचं काय? कळंबोलीच्या एका उदाहरणासह

ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलमधून सकाळी ऐरोली, रबाळे, घणसोलीला जी गर्दी उतरते तिच्यात बिझनेस ॲनालिस्ट (बीए) पुष्कळ असतात. त्यांना दिवसभराचं काम विचारलं तर एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. कुणी जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिकिटं बनवतं, कुणी क्लायंटच्या कॉलचे मिनिट्स लिहितं, टेस्टर रजेवर गेला की कुणी टेस्टिंगला बसतं. टीमला नक्की काय बनवायचंय हे कोड लिहिण्याआधी सगळ्यांना सारखंच कळावं, ही जबाबदारी मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. माझ्या मते बीएची नोकरी तेवढ्यासाठीच आहे. बाकी कामं जमली तर करावीत.

लेखभर एकच काल्पनिक उदाहरण घेतो. कळंबोलीतली एक ट्रान्सपोर्ट फर्म आहे, पन्नासेक गाड्यांची. न्हावा शेवा आणि तळोजा पट्ट्यातला माल राज्यभर पोचवते. मालकांना ‘गाड्यांचा ट्रॅकिंग डॅशबोर्ड’ हवा आहे. तुमची टीम महापे एमआयडीसीत बसते, अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करते आणि असा एक टप्पा, म्हणजे स्प्रिंट, दोन आठवड्यांचा आहे.

पायरी १: कोण काय ठरवणार, ते आधी लिहून घ्या

स्क्रम ही अजाइल कामाची एक चौकट. तिच्या स्क्रम गाइडच्या नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत तीनच जबाबदाऱ्या आहेत: प्रॉडक्ट ओनर (आधी काय बनवायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालते ना ते बघणारा) आणि डेव्हलपर्स. बीएचा उल्लेख नाही. त्यावरून ‘अजाइलमध्ये बीए लागतच नाही’ असं ठोकून देणारे मॅनेजर भेटतात. पण त्या गाइडप्रमाणे डेव्हलपर्समध्ये फक्त कोड लिहिणारे येत नाहीत. स्प्रिंटमध्ये वापरण्याजोगं काही तयार करण्यात ज्यांचा हात लागतो ते सगळे येतात. म्हणजे बीए टीमच्या आतलाच माणूस.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यात १७ जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला. त्यातल्या १२ तत्त्वांपैकी एक सांगतं की धंद्याची माणसं आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावं. कळंबोलीचे मालक रोज महाप्याला येऊन बसणार नाहीत, लंडनचा क्लायंट तर नाहीच. ही फट बीए भरतो. निरोप्या बनून भरली, तर डेव्हलपरचा प्रश्न तुमच्या मेलबॉक्समधून मालकांकडे जाईल, उत्तर त्याच वाटेने परत येईल आणि दोन्हीकडे दोन-दोन दिवस जातील.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक पानभर कागद करा. बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, क्रम कोण ठरवणार? झालेली स्टोरी, म्हणजे त्या यादीतलं एक छोटं काम, कोण पास करणार? धंद्याच्या नियमाबद्दल शेवटचा शब्द कुणाचा? आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांत बीएला बरेचदा न सांगता प्रॉक्सी (बदली) प्रॉडक्ट ओनर करून टाकतात. तसं झालं असेल तर मर्यादा लेखी घ्या. रकान्यांचा क्रम, मेसेजचा मजकूर, यादी कशी लावायची हे बीए ठरवेल; भाड्याचा हिशोब आणि पार्टीला जाणारं बिल यांचे नियम मालकच ठरवतील. हा कागद नसेल तर डेमोच्या दिवशी ‘हे कुणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न ठरलेला, आणि मान बीएचीच अडकते.

पायरी २: काम जिथे चालतं तिथे जा

महाप्याहून कळंबोली जवळ आहे, तरी लोक कॉलवरच भागवतात. तसं करू नका. ऑपरेशन्सच्या टेबलाशेजारी एक अख्खा दिवस बसा, जमल्यास संध्याकाळचा, कारण गाड्या सुटायची गडबड तेव्हाच असते.

‘तुम्हाला सिस्टिममध्ये काय हवंय?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत काढूच नका. उत्तर ‘डॅशबोर्ड’ असंच येणार. त्याऐवजी म्हणा, ‘काका, काल शेवटची गाडी कशी सुटली ते जरा दाखवता?’ मग रजिस्टर निघतं, व्हॉट्सॲपचा ग्रुप निघतो, टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या चिठ्ठ्या निघतात. समजा, रजिस्टरच्या समासात काही नोंदींपुढे लाल पेनने तारखा गोल केलेल्या दिसल्या.

‘हे काय?’

‘ई-वे बिल कधी संपतं ते. गाडी रस्त्यात आणि बिल मेलेलं, असं झालं की ड्रायव्हर रात्री दोनला फोन करतो. मग मालक मला करतात.’

ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेताना जीएसटीखाली लागणारा, ठरावीक मुदतीचा ऑनलाइन कागद. तुमचा प्रोजेक्ट इथे सापडला. मालकांनी मागितलेला नकाशा नंतर करता येईल. गाडी अडवली गेली की दंड बसतो, माल अडकतो, पार्टी चिडते. पैसा तिथे जातोय, आणि त्यावरचा सगळा बंदोबस्त म्हणजे एका माणसाचं लाल पेन.

त्याच बैठकीत अपवादही विचारा. गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर? पार्टीने माल उतरवून घ्यायला नकार दिला तर? हे काका रजेवर असतील तर कोण बघतं? शेवटच्या प्रश्नावर एक छोटी शांतता पडते, ती नोंदवून ठेवा. आणि सध्याचे आकडे आत्ताच घ्या: मागच्या तीन महिन्यांत किती बिलं रस्त्यात संपली, किती दंड भरला. सिस्टिम सुरू झाल्यावर हे आकडे कुणी खरे सांगत नाही.

फेरी संपल्याच्या नोंदीही तिथेच बघून घ्या. माल उतरला, ड्रायव्हरच्या हातात सही-शिक्क्याची बिल्टी (मालाची पावती) आली, ती बिल्टी ऑफिसात पोचली, या तीन वेगळ्या घटना आहेत आणि पार्टीला बिल तिसरीनंतरच जातं. कॉन्फरन्स रूममध्ये बसलेली टीम या तिन्हींवर ‘डिलिव्हर्ड’ असा एकच स्टेटस मारून मोकळी होते. पुढे हिशोब जुळत नाही तो यामुळे.

पायरी ३: कामाचे तुकडे पाडा, पण उपयोगाचे

परत आल्यावर भिंतीवर चिकट चिठ्ठ्यांनी पूर्ण प्रवास मांडा: बुकिंग, गाडी लावणं, लोडिंग, बिल्टी, ई-वे बिल, प्रवास, माल उतरणं, बिल्टी परत, पार्टीचं बिल. प्रत्येकाखाली बारीकसारीक कामं लावा. जेफ पॅटन यांनी रुळवलेली ही स्टोरी मॅपिंगची पद्धत. मग आडवी रेघ मारून पहिल्या रिलीजला पुरेल एवढाच थर उचला. आपल्या उदाहरणात त्या थरात ई-वे बिलाची मुदत हवी. नकाशा, जीपीएस, ड्रायव्हरचं ॲप खाली राहू द्या.

तुकडे पाडताना एक खोड टाळा. ‘डेटाबेस टेबल बनवणे’, ‘स्क्रीन बनवणे’, ‘एपीआय जोडणे’ अशा तीन स्टोऱ्या केल्या तर तिन्ही पूर्ण होईपर्यंत कळंबोलीला दाखवायला काहीच नसतं. तुकडा लहान असला तरी कुणाच्या तरी उपयोगाचा हवा:

*‘ऑपरेशन्सचा माणूस म्हणून, आज मुदत संपणाऱ्या ई-वे बिलांची यादी मला दुपारीच दिसायला हवी, म्हणजे मुदत वाढवायची वेळ हातची जाणार नाही.’*

‘कोण, काय, कशासाठी’ हा साचा लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीतल्या टीमने रुळवला. पण साच्यात बसवलं म्हणजे स्टोरी झाली, असं होत नाही. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्येच स्टोरीचे तीन भाग सांगून ठेवले आहेत: कार्ड, संवाद आणि खातरजमा. आपल्याकडे कार्ड सुबक असतं, संवाद जिराच्या कॉमेंटमध्ये चालतो आणि खातरजमा टेस्टरवर सोडलेली असते. ‘सिस्टिम म्हणून मला डेटा सेव्ह करायचा आहे’ असली स्टोरी दिसली की ती लिहिणारा जागेवर गेलेला नाही हे ओळखावं.

पायरी ४: नियम उदाहरणांनी पक्के करा

बीएचं खरं कसब इथे दिसतं, म्हणून या पायरीवर जरा जास्त थांबतो.

वरच्या स्टोरीत ‘मुदत संपणाऱ्या’ असे दोनच साधे शब्द आहेत. डेव्हलपरला वाटतं, बिल बनल्याची वेळ अधिक इतके तास. एक ओळीचं काम. प्रत्यक्ष नियम असा: साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे, किंवा त्याच्या उरलेल्या भागासाठी, एक दिवस मिळतो. बिलाचा भाग अ मालाचा आणि भाग ब गाडीचा; मुदत सुरू होते ती भाग ब मध्ये गाडीचा नंबर पहिल्यांदा भरल्यावर. आणि पहिला ‘दिवस’ संपतो तो पुढची तारीख संपताना, मध्यरात्री.

आता हे उदाहरणात घाला. फेरी ४५० किलोमीटरची, म्हणजे तीन दिवस.

• गाडीचा नंबर १४ तारखेला पहाटे, १२ वाजून ४ मिनिटांनी भरला. पहिला दिवस १५ च्या मध्यरात्री संपतो, दुसरा १६ च्या, तिसरा १७ च्या. मुदत १७ तारीख संपेपर्यंत.
• गाडीचा नंबर १४ तारखेलाच रात्री ११ वाजून ५८ मिनिटांनी भरला. मुदत तीच, १७ तारीख संपेपर्यंत.
• बिलाचा भाग अ १३ तारखेला भरला, गाडीचा नंबर १४ ला. गणित १४ पासूनच.

‘अधिक ७२ तास’ असा कोड दुसऱ्या उदाहरणात दोन मिनिटांच्या फरकाने पास होतो आणि पहिल्यात जवळजवळ अख्खा दिवस चुकतो. टेस्टरने संध्याकाळच्या वेळा घालून तपासलं तर त्याला वावगं काही दिसणारही नाही. अशी चूक कोडमध्ये शोधत बसण्यापेक्षा आधी तीन ओळी लिहिलेल्या बऱ्या.

आता सूचना कधी द्यायची? मुदत संपण्याआधीचे ८ तास आणि संपल्यानंतरचे ८ तास एवढ्याच खिडकीत ती वाढवता येते. आपल्या गाडीसाठी ती १७ ला दुपारी ४ वाजता उघडते आणि १८ ला सकाळी ८ वाजता बंद होते. म्हणजे मालकांनी सुचवलेली ‘२४ तास आधी सूचना’ ऐकायला बरी असली तरी त्या क्षणी काकांना पोर्टलवर काहीच करता येत नाही. सूचना दुपारी ४ ला हवी. शिवाय मुदत वाढवताना कारण, गाडी सध्या कुठे आहे आणि किती अंतर उरलंय हे भरावं लागतं, तेव्हा यादीतल्या प्रत्येक ओळीत ड्रायव्हरचा फोन नंबर दिसला पाहिजे. ही गोष्ट कुणी मागितली नव्हती. उदाहरण शेवटपर्यंत नेल्यामुळे ती सापडली.

आणखी एक: १ जानेवारी २०२१ च्या आधी २०० च्या जागी १०० किलोमीटरचा नियम होता. सरकारी आकडा आज आहे तो उद्या बदलू शकतो. म्हणून ‘हा आकडा कोडमध्ये पक्का न करता सेटिंगमध्ये ठेवावा’ अशी ओळ स्टोरीत टाका. कायद्याचा नियम मात्र कधीच ऐकीव घेऊ नका. पोर्टलवरची सरकारी प्रश्नोत्तरं आणि फर्मचा कर सल्लागार, दोन्हीकडून तपासून घ्या.

हे सगळं एकट्याने बसून लिहायचं नसतं. मॅट विन यांची एक्झाम्पल मॅपिंगची पद्धत वापरा: पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यांवर नियम, हिरव्यांवर उदाहरणं, लालवर अनुत्तरित प्रश्न. बीए, एक डेव्हलपर, एक टेस्टर, पंचवीसेक मिनिटं. निळी कार्डं वाढत गेली तर स्टोरी मोठी आहे, तोडा. लाल साचली तर ती या स्प्रिंटला घेऊ नका, मग मॅनेजर कितीही घाई करोत. शेवटी हिरवी कार्डं ‘समजा – जेव्हा – तेव्हा’ अशा वाक्यांत उतरवली की ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे स्टोरी पास होण्याच्या अटी, तयार:

*समजा, गाडीचा नंबर १४ तारखेला पहाटे १२:०४ ला भरला आहे आणि अंतर ४५० किलोमीटर आहे. जेव्हा १७ तारखेचे दुपारचे ४ वाजतात, तेव्हा हे बिल ‘आज संपणारी’ यादीत ड्रायव्हरच्या नंबरासह दिसतं.*

पायरी ५: स्प्रिंट चालू असताना

पुढच्या एक-दोन स्प्रिंटपुरत्या स्टोऱ्या तयार ठेवा, त्याहून जास्त नको. चार महिन्यांचं सगळं लिहून ठेवणारा बीए कष्टाळू दिसतो, पण त्यातलं निम्मं पहिल्या डेमोनंतर बदलतं आणि स्वतः लिहिलेलं टाकून द्यायला कुणाचंच मन होत नाही.

स्टोरी सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डेव्हलपरच्या खुर्चीशेजारी जाऊन अर्धवट स्क्रीन बघा. ‘झालं की सांगतो’ची वाट बघू नका. डेली स्क्रम या रोजच्या बैठकीची १५ मिनिटं टीमने आपसात दिवस आखण्यासाठी असतात. तिथे हजेरी घेतल्यासारखं प्रत्येकाला स्टेटस विचारणारा बीए लवकरच नकोसा होतो.

क्लायंट परदेशात असेल तर प्रश्न विचारण्याची पद्धत बदला. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, न्यू जर्सी साडेनऊ ते साडेदहा. ‘कृपया स्पष्ट करावे’ अशी मेल टाकली की एक दिवस गेला, त्यावर उलट प्रश्न आला की दुसरा गेला. त्याऐवजी लिहा: ‘गाडी बदलली तर (अ) जुनी नोंद ठेवून नवी जोडू, की (ब) जुन्यावर नवी लिहू? आमचा कल अ कडे आहे, कारण हिशोबाला जुना नंबर लागतो. गुरुवारपर्यंत कळवलं नाहीत तर अ धरून पुढे जाऊ.’ अशा मेलला एका अक्षरात उत्तर येतं. शेवटची ओळ टाकण्याचा अधिकार मात्र पायरी १ च्या कागदात असायला हवा.

पायरी ६: सगळंच ‘मस्ट’ असतं तेव्हा

कामांचं प्राधान्य ठरवायची मॉस्को पद्धत सगळ्यांना माहीत असते: मस्ट, शुड, कुड आणि या वेळी नाही. १९९४ मध्ये डाय क्लेग यांनी ती मांडली, पुढे डीएसडीएम या अजाइल चौकटीने उचलली. ‘मस्ट’ची कामं एकूण श्रमांच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवा, असं डीएसडीएम सांगतं. आपल्याकडे बैठक संपते तेव्हा यादीतलं सगळंच मस्ट झालेलं असतं. कारण ‘शुड’ म्हटलं की ते कधीच होणार नाही, असा क्लायंटचा अनुभव असतो, आणि तो अनुभव खोटा नसतो.

यावर वाद घालू नका. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न ठेवा: ‘हे पहिल्या दिवशी नसेल तर गाडी सुटेल का?’ सुटत असेल तर ते मस्ट नाही. रंगीत नकाशा नसला तरी गाडी सुटते. आणि जे मागे ठेवलंय त्यातलं एखादं पुढच्या दोन स्प्रिंटमध्ये खरंच करून दाखवा. पुढच्या बैठकीत मालक स्वतःहून दोन गोष्टी खाली ढकलतात की नाही बघा.

पायरी ७: डेमो आणि सुरुवात

डेमोत माऊस ऑपरेशन्सच्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. तुम्ही स्वतः चालवलंत तर सगळं सुरळीत दिसेल आणि काही कळणार नाही. तो कुठे अडखळतो, कुठला रकाना न वाचता पुढे जातो, ते लिहून घ्या. तिथल्या मॉनिटरवर बघा, ऑफिसातल्या सत्तावीस इंचीवर नको.

यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः करायच्या चाचणीला, बनावट डेटा नको. मागच्या आठवड्यातल्या खऱ्या फेऱ्या घाला, त्यातही गाडी बदललेली एक हवीच. पहिले दोन आठवडे रजिस्टर बंद करायला सांगू नका. दोन्ही चालू द्या आणि रोज संध्याकाळी ताडून बघा. मग पायरी २ मध्ये घेतलेले आकडे काढून मालकांसमोर ठेवा.

या कामात यायचं असेल तर

टेस्टर, सपोर्टवाले, बँकेच्या बॅक ऑफिसमधले किंवा क्लिअरिंग एजंटकडे काम केलेले लोक चांगले बीए होतात, कारण त्यांना धंदा कुठे अडतो ते माहीत असतं. आयआयबीए ही या क्षेत्राची संस्था २००३ मध्ये टोरांटोत सुरू झाली. तिची ईसीबीए परीक्षा अनुभवाशिवाय देता येते; सीबीएपी या वरच्या परीक्षेला ७,५०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. परीक्षेच्या आधी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली साधी सिलेक्ट क्वेरी शिका, असं मी म्हणेन. स्वतः डेटा काढून बघणाऱ्या बीएला डेव्हलपर वेगळ्या नजरेने बघतात.

मुलाखतीला आधीच्या कंपनीची कागदपत्रं नेऊ नका, ते नियमात बसत नाही. नमुना म्हणून स्वतःच्या सोसायटीचं मेंटेनन्स बिल घ्या. सोसायट्यांच्या २०१४ च्या आदर्श उपविधीप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावता येतं, आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत ना-भोगवटा शुल्क. आता उदाहरणं लिहायला बसा. अर्धेच पैसे भरले तर व्याज कशावर? भाडेकरू महिन्याच्या मधेच गेला तर? भरलेली रक्कम आधी व्याजात वळती करायची की मुदलात? घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या खजिनदारांना गाठा, ते उभ्या उभ्या आणखी पाच अपवाद सांगतील. त्यातले तीन नियम निळ्या कार्डांवर, प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणं हिरव्यांवर आणि खजिनदारांनाही न सुटलेले प्रश्न लाल कार्डांवर घेऊन मुलाखतीला जा.